पाठीमागं बांधलेले हात

पडदा वर जातो. सातारा शहर, मोती चौकापासून हाकेच्या अंतरावरचं एक जुनं लॉज. आपल्यासमोर आहे ती त्याच्या पहिल्या मजल्याची लांब गॅलरी. एका बाजूला ओळीनं खोल्यांची दारं, दुसऱ्या बाजूला लोखंडी कठडा आणि त्याखाली गजबजलेला रस्ता. डाव्या विंगेतून जिना वर येतो. उजव्या विंगेला शेवटची खोली, तिचं दार लावलेलं आहे. उन्हं कलली आहेत. कठड्यावर एक इरकली लुगडं आणि एक भलंमोठं धोतर वाळत पडलंय. खालून रिक्षांचे हॉर्न आणि पेढे भाजल्याचा वास वर येतोय.

जिन्याला लागून असलेल्या खोलीचं दार सताड उघडं आहे. आत फरशीवर वर्तमानपत्र अंथरून एक धिप्पाड म्हातारा जेवायला बसलाय. कान चुरगळलेले, मान खांद्यातच बसवल्यासारखी. समोर ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दही. त्याची बायको शेजारी बसून वाढते आहे आणि दर दोन घासांनी बाहेर आभाळाकडे बघून म्हणते आहे, "आवं, उरका की. दिस बुडाय लागला."

दाराबाहेर गॅलरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर मी. माझं काम त्या प्रवेशात किरकोळ आहे. उभा जन्म मी यात्रेजत्रेतल्या नाटकांत नायिका केल्या, मग नायिकेच्या आया केल्या, आता सांगलीत गावभागात एका खोलीत राहते. पण हा प्रवेश माझा नाही. हा आदगोंडाअण्णांचा आहे.

आदगोंडा पाटील. वारणेकाठच्या एका गावचे जैन शेतकरी. ऊस आणि हळद. त्यांची बायको आक्काताई माझी मैत्रीण. ती नवी नवरी असताना तिच्या गावच्या यात्रेत माझं नाटक होतं. तिसऱ्या अंकात मी मेले, तेव्हा ही बाई धाय मोकलून रडली, आणि नाटक संपल्यावर मागच्या कनातीत ताकाचा तांब्या घेऊन आली. मी जिवंत आहे की नाही ते बघायला! तेव्हापासून आमचं जमलं. दरवर्षी नव्या हळदीची पिशवी घेऊन ती सांगलीला माझ्याकडे येते.

अण्णांचा मात्र मला बरीच वर्षं धाक वाटायचा. कारण गावात त्यांची ख्याती रागाची होती. अंगानं पैलवान. पोरवयात गावच्या तालमीत हौदातल्या लाल मातीत लोळून वाढलेले. दूध, तूप, बदाम एवढ्यावर कमावलेलं शरीर. अंड्याला कधी शिवले नाहीत. आसपासच्या मैदानांत त्यांची कुस्ती लागली की लोक झाडांवर चढून बसत. त्यांचा हातखंडा डाव म्हणजे मोळी. समोरच्याचे हातपाय असे आवळून धरायचे, की जळणाची मोळी बांधावी तसा गडी गोळा होतो आणि श्वासही घेता येत नाही. मोळी बसली की सुटायची नाही. वस्ताद म्हणत, "आद्या, सोड, सोड, मरंल त्यो!"

हौदात वस्ताद होते. शेतात कोण असणार?

एका उन्हाळ्यात पाण्याच्या पाळीवरून चुलतभावाशी, बाबगोंडाशी, बाचाबाची झाली. पाळी अण्णांची होती, पाणी बाबगोंडानं वळवलं होतं. शब्दाला शब्द लागला, आणि अण्णांच्या हातात खोरं होतं. पहिला दांडा गुडघ्यावर बसला. दुसराही गुडघ्यावरच. आक्काताई सांगते, "हाड मोडल्याचा आवाज मला घरात ऐकू आला, बाई. ऊस मोडल्यावानी." बाबगोंडा चिखलात पडून ओरडत होता आणि अण्णा तिसरा दांडा उचलत होते. चौघांनी मिठ्या मारून त्यांना मागं ओढलं. भावकीतलं प्रकरण पंचांनी गावातच मिटवलं. पण बाबगोंडाचा पाय कायमचा गेला. त्याची पेरणी, नांगरणी पुढं कितीतरी वर्षं अण्णांनीच केली. बाबगोंडा बांधावर बसून पाय चोळत बघायचा. दोघं एकमेकांशी बोलत नसत.

त्याच वर्षी गावच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, एक मुनिमहाराज चातुर्मासाला आले. चातुर्मासात महाराजांपुढं उभं राहून लोक काही ना काही नियम घेतात. कुणी चार महिने दही सोडतं, कुणी तंबाखू. भरल्या सभेत अण्णा उठले आणि म्हणाले, "म्हाराज, मला मारामारी सोडायची हाय."

महाराज म्हणाले, "किती दिवस?"

"मरंपतोर."

"आधी एक वर्षाचा घ्या. जमलं तर पुढं बघू."

"वर्साचा घेटला तर वरीस संपायची वाट बघंन मी. माझा मला भरवसा न्हाई."

सभा हसली. महाराज हसले नाहीत. त्यांनी नियम दिला: मरेपर्यंत कुणावर हात टाकायचा नाही, मारायला नाही आणि धरायलाही नाही. आणि वर एक युक्ती सांगितली. म्हणाले, राग येण्याआधी तुमचा हात उठतो. तर हाताला आधीच जागा देऊन ठेवा.

तेव्हापासून अण्णांची ती प्रसिद्ध ढब. कुठं आवाज चढला, की दोन्ही हात पाठीमागं जायचे आणि एका हाताची पकड दुसऱ्या मनगटावर बसायची. मोळी त्यांनी स्वतःलाच घातली होती म्हणा ना. साखर कारखान्याच्या गव्हाणीवर, ऊस उतरवायच्या रांगेवरून एका ट्रॅक्टरवाल्यानं त्यांच्या थोबाडीत मारली, तेव्हाही अण्णा तसेच उभे. ओठातून रक्त आलं, ते खांद्याला पुसलं. हात सोडले नाहीत. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत कपाळावर दगड बसला, तेव्हाही तसेच. पोरं चेष्टा करायची, "आण्णा, मास्तरनं शिक्षा केलीया व्हय?" अण्णा म्हणायचे, "व्हय रं गड्या. जन्मठेप हाय."

जीभ मात्र त्यांनी बांधली नव्हती. आक्काताईचं म्हणणं, "ह्यास्नी हात मागं ठिवायला सांगितलं म्हाराजांनी, तवा त्यातली सगळी ताकद जिभंत आली."

पण मला एकदा ते गंभीरपणे म्हणाले होते, "बाई, मी शिकलो न्हाई, दानधर्म केला न्हाई. जल्माला येऊन एकच काम धरलंय. येवढा नियम साबूत घिऊन वर जायचं. बास." आक्काताईला तर त्या नियमाची त्यांच्याहून जास्त काळजी. बाजारात गर्दी दिसली की ती त्यांना दुसऱ्या रस्त्यानं न्यायची.

या दोघांनी आयुष्यभर प्रवास केला तो देवाचा. बाहुबली, श्रवणबेळगोळ, शिखरजी. या वर्षी पर्युषण संपलं आणि आक्काताईनं हट्ट धरला, "आजवर जितं गेलो तितं देव हुता. एकदा नुसतं बघायला जाऊ या. कासची फुलं बघायची मला. ठोसेघरचं पानी बघायचं. लॉजात ऱ्हायचं. आनि बाईस्नी बी घ्यायचं." अण्णा कुरकुरले, उसाला पाणी आहे म्हणाले, मग धुतलेली टोपी घालून सगळ्यात आधी गाडीत बसले.

काय मजा केली आम्ही! अजिंक्यताऱ्यावर अण्णा माझा हात धरून चढले. दम मलाच लागला. कासच्या पठारावर आक्काताई फुलांना चप्पल लागू नये म्हणून अनवाणी चालायला लागली, तर रखवालदार तिलाच ओरडला. लॉजवर तिनं पहिल्या दिवशी गादीवरची चादर उलटीसुलटी करून बघितली, बाथरूममधली साबणाची इवलीशी वडी नातीसाठी पदराला बांधली, आणि लॉजच्या भटारखान्यात सात वाजल्याशिवाय जेवण मिळत नाही म्हटल्यावर पिशवीतल्या भाकऱ्या बाहेर काढल्या. सूर्य मावळल्यावर अन्नाला शिवायचं नाही, मग सातारा असो की स्वर्ग.

शेवटच्या खोलीत एक कोवळं जोडपं उतरलं होतं. मुलीचं नाव संयोगिता, मुलाचं ऋषिराज. सकाळी चहाच्या वेळी आक्काताईनं तिच्या हातातला नवा चुडा पाहिला, गळ्यातली हळदीची दोरी पाहिली आणि बशी खाली ठेवत विचारलं, "पळून आलीयास न्हवं?"

पोरीच्या डोळ्यांत पाणीच आलं. दोघांची जात वेगळी. रजिस्टर लग्न करून चार दिवस डोकं लपवायला इथं आलेली. मुलीचं गाव मी मुद्दाम लिहीत नाही. मुलगा सांगलीकडचा. आडनाव पाटील.

अण्णांना ते आवडलं नव्हतं, हे मला सांगितलंच पाहिजे. तोंडावर म्हणाले, "चुकलंसा. बापाला सांगून करायचं. बाप घरात डोस्कं धरून बसला असंल."

पोरगी म्हणाली, "सांगितलं आप्पा. तवा दादानं कोयता दाखवला."

अण्णांचे हात पाठीमागं गेले.

आता या आडनावाचं सांगते. आमच्या सांगलीकडं पाटील कोण नाही? मराठ्यांत पाटील, जैनांत पाटील, लिंगायतांत पाटील. एकेका गावात आळीच्या आळी पाटलांची. म्हणून आमच्याकडं कुणी नुसतं पाटील म्हणून चौकशी करत नाही. गाव विचारतात, आळी विचारतात, बापाचं नाव विचारतात. पण रागानं डोळे फुटलेल्या माणसाला एवढी सवड नसते.

तर, तो प्रवेश. उन्हं कललेली, अण्णा जेवताहेत, मी खुर्चीवर. ऋषिराज नुकताच खाली बाजारात गेलेला, पोरगी खोलीत एकटी.

खाली कचकन गाडी थांबल्याचा आवाज आला. मग काउंटरवरच्या बाळासोला कुणीतरी दरडावून विचारताना ऐकू आलं, "सांगलीकडचं पाटील कुठल्या खोलीत हाईत?" बाळासोच्या डोळ्यांपुढं आले ते आमचे पाटील; दोन दिवसांत त्यांनी त्याला भरपूर शिव्या आणि पेढे दिले होते. तो म्हणाला, "वर, जिन्याजवळची."

चार जण वर आले. पुढं मुलीचा भाऊ जयराज, पंचविशीतला, देखणा. हो, देखणा, नाटकात त्याला नायकच दिला असता. हातात उसाचा कोयता. मागं चुलता लालासाहेब, पांढरे कपडे, हातात लोखंडी पहार. बाकी दोन तरणी पोरं, हॉकीच्या काठ्या घेऊन. मी उठायला गेले, तर त्यांतल्या एकानं काठी माझ्या छातीवर टेकवून मला खुर्चीत दाबलं. "ए म्हातारे, हलू नगं."

जयराजनं लाथेनं ताट उडवलं. दही भिंतीवर उडालं.

"सांगलीचा पाटील तूच न्हवं?" लालासाहेबानं विचारलं.

"व्हय," अण्णा म्हणाले.

"पोरगं कुठं दडवलंस? आनि आमची पोरगी? तूच बाप न्हवं त्येचा?"

आक्काताईचं तोंड उघडलं होतं. "न्हाई वं, आमी न्हवं" एवढं वाक्य तिच्या ओठावर आलेलं मी पाहिलं. तेवढ्यानं सगळं टळलं असतं. त्यांचं टळलं असतं. मग ती चौघं गॅलरीतून सरळ शेवटच्या दारापर्यंत गेली असती.

अण्णांनीही ते पाहिलं असणार. ते उठले, तोंड पुसलं, दोन्ही हात मागं नेले, मनगट पकडलं आणि म्हणाले, "व्हय. मीच बाप."

मी आयुष्यभर दुसऱ्यांचे बाप, दुसऱ्यांच्या आया रंगमंचावर पाहिल्या. इतकं सरळ उभं राहून कुणी बाप झालेलं मी पाहिलं नाही. आणि खोटं बोलणं हेही त्या माणसाला पाप होतं बरं का.

"कुठं हाईत ती?"

"म्हाबळेसरला गेल्यात. सकाळीच."

हॉकीची पहिली काठी पोटरीवर बसली. अण्णा हलले नाहीत. दुसरी बरगड्यांवर. तिचा आवाज ओला होता. "खरं सांग, म्हाताऱ्या!" "म्हाबळेसरला." पहारीचं टोक लालासाहेबानं पोटात ढोसलं, तेव्हा ते वाकले, गुडघ्यावर आले, पण हात मागंच. पांढऱ्या बंडीवर बरगड्यांपाशी रक्त फुटलं होतं. आक्काताई मधे पडली, तर जयराजनं तिला हिसडा दिला. ती कॉटच्या कडेवर आपटली, हातातल्या बांगड्या फुटून मनगटात घुसल्या. मी अण्णांच्या हातांकडे बघत होते. मनगटावरची बोटं पांढरी पडली होती. ती सुटली नाहीत.

गुडघ्यावरूनच ते म्हणाले, "मला मार की रं. तिला कशाला? तुला आई हाय का न्हाई?"

"आई अंथरुणाला खिळलीया तुमच्या पोरामुळं!" जयराज किंचाळला आणि त्यांच्या तोंडावर लाथ मारली. दात फरशीवर पडला.

तेवढ्यात उजव्या विंगेतलं दार उघडलं.

ते उघडू नये म्हणून तर अण्णा हा सगळा मार खात होते. पण पोरीला तो मार ऐकवला नाही. ती गॅलरीत येऊन उभी राहिली. म्हणाली, "दादा, त्यास्नी सोड. ती कोन न्हवंत माझी. मी हितं हाय."

मग जयराज खोलीतून बाहेर पडला आणि कोयता घेऊन तिच्याकडे चालू लागला. धावत नव्हता. ते चालणं मी विसरणार नाही. पोरगी मागं सरकली नाही. त्यानं एका हातानं तिची वेणी धरली. ती वाकली. मान उघडी पडली. कोयता वर गेला.

आणि अण्णांचे हात सुटले.

तो गुडघ्यावरचा, रक्तबंबाळ म्हातारा उंबऱ्यातून कसा उठला आणि ती तीन-चार दारं कशी ओलांडली, मला सांगता येणार नाही. मी पाहिलं ते एवढंच, की वर गेलेला कोयत्याचा हात मागून दोन हातांनी वेढला. मग गडी खाली आला. मग ते दोघे फरशीवर, अण्णा वर, जयराजचे हातपाय आत गोळा. मोळी. हाड निखळल्याचा आवाज आला. जयराजची किंकाळी आली. कोयता फरशीवर घसरत, धडपडत खोलीबाहेर आलेल्या आक्काताईच्या पायाशी येऊन थांबला.

माझ्या मैत्रिणीनं उभ्या आयुष्यात भाजी चिरताना अळीसुद्धा मारली नव्हती. तिनं तो कोयता उचलला आणि कठड्यावरून खाली फेकला. खालच्या दुकानाच्या पत्र्यावर तो असा दणाणला, की अर्ध्या चौकानं मान वर केली. माझ्या छातीवरची काठी दूर झाली होती. मी कठडा धरला आणि विना माइकचा, यात्रेतल्या शेवटच्या माणसापर्यंत जाणारा आवाज लावला, "धावा हो! पोरीला मारतायत! वर या!"

पोरगी माझ्या खोलीत शिरली आणि तिनं आतून कडी घातली. खाली पळापळ सुरू झाली. पण लोक जिना चढून येईपर्यंत त्या तिघांना जेवढा वेळ मिळाला, तेवढा त्यांनी अण्णांच्या पाठीवर आणि डोक्यावर घालवला. "सोड! सोड त्याला!" म्हणत लालासाहेब पहार मारत होता. टाळू फुटली. रक्त जयराजच्या देखण्या तोंडावर गळत होतं आणि तो गुदमरत "सोडा आप्पा, मरतोय" म्हणत होता. अण्णांची पकड किंचित सैल झाली, पोराला श्वास घेण्यापुरती. पण सुटली नाही. कारण पोरगी कडीबंद झाल्याचं त्यांना दिसलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत रक्त होतं. रिक्षावाले, पेढेवाले वर आले, त्यांनी तिघांना लाथाबुक्क्यांनी आडवं केलं, तरी अण्णा धरूनच होते. शेवटी आक्काताई त्यांच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "पोरगी आत हाय. कडी लावलीया. सोडा आता." तेव्हा सुटली.

पोलीस आले, पंचनामा झाला, त्या चौघांना नेलं. जयराजचा खांदा प्लास्टरमध्ये गेला. ते सगळं वर्तमानपत्रात आलंय, त्यात मला भर घालायची नाही.

दवाखान्यात अण्णा दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आले. डोक्याला एवढं मोठं बँडेज, एक डोळा बंद. ऋषिराज पायाशी बसून रडत होता, तर त्याला म्हणाले, "बायकूला एकटी टाकून बाजारात काय करत हुतास रं?" तो म्हणाला, "आप्पा, तिला चप्पल आणायला गेलतो." अण्णा म्हणाले, "बरी हाय का? अंगठा तुटायचा न्हाई न्हवं? न्हाईतर परत बाजारात जाशील." पोरगी रडता रडता हसली. मग त्यांनी विचारलं, "त्या पोराचा खांदा बसिवला का? मोळीत तिरपा घावला. जुनी सवय ऱ्हायली न्हाई."

डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं, की मेंदूत रक्त साकळलंय, आता बोलतायत, पण संध्याकाळचं सांगता येत नाही.

आक्काताई ओरडली नाही, रडली नाही. तिनं गावाकडं फोन लावला आणि बस्तीतल्या पंडितजींना बोलावून घेतलं. तिची काळजी वेगळी होती. माणूस जाणार हे तिला कळलं होतं. पण जाताना मोडका नियम घेऊन जाणार? इतकी वर्षं सांभाळलेला, तिनंही त्यांच्याबरोबर सांभाळलेला? ती मला म्हणाली, "बाई, त्येंनी पोरगी वाचवली, ते बेस झालं. पर नियम तुटला तो तुटलाच. प्रायचित्त घिऊन जाऊ देत. मोकळं हुऊन जाऊ देत."

गाडी करून पंडितजी आले. त्यांच्याबरोबर काठी टेकत बाबगोंडा. तो खाटेजवळ गेला नाही. दाराशी भिंतीला टेकून उभा राहिला, आणि अण्णांनी एका डोळ्यानं त्याला पाहिलं.

आता एक गोष्ट. आमच्या भागात सध्या अण्णांचे फलक लागलेत. चौकाचौकात मोठा फोटो, आणि खाली त्यांच्या तोंडी घातलेलं वाक्य, परक्या लेकीसाठी रक्त सांडलं वगैरे. फार टाळ्यांचं वाक्य आहे. तसली वाक्यं मी रंगमंचावर मरताना शेकड्यांनी म्हटली आहेत, आणि ती लिहिणाऱ्याचा मी कधी राग धरला नाही. लोकांना आपलं माणूस मोठं दिसावंसं वाटतं. पण मी त्या खाटेपासून हातभर अंतरावर उभी होते. अण्णा तसं काही म्हणाले नाहीत. अंधार पडायच्या आत ते गेले. पण त्याआधी जे झालं ते असं.

पंडितजी खाटेशी बसले. म्हणाले, "अण्णा, एकेक दोष सांगा. मनापासून सांगा."

"खोटं बोललो, पंडितजी," अण्णा म्हणाले. शब्द जड येत होते. "म्हाबळेसर म्हनलो. बाप म्हनलो. चुकलं."

"अजून?"

"हात टाकला. पोराचा खांदा काढला. त्येला लय दुखलं. चुकलं. त्येला सांगा, मी क्षमा मागितली." मग दाराकडं बघत, "आनि बाबगोंडा, तुजीबी. ऱ्हायलीच हुती."

बाबगोंडानं काठीवर हनुवटी टेकली आणि खाली बघितलं. म्हणाला, "झालं की रं ते, आद्या."

पंडितजींनी अण्णांच्या कपाळावर हात ठेवला. "आता एवढं एकच म्हणा. पुन्हा असं करणार नाही. म्हणजे झालं. नियम परत जोडला."

अण्णा गप्प. आम्हाला वाटलं, शुद्ध गेली. पण डोळा उघडा होता. तो पायाशी बसलेल्या संयोगितेवर होता.

आक्काताईनं त्यांचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. "म्हना की वं. येवढं म्हना. माझ्यासाटी म्हना."

त्यांनी तिच्याकडं बघितलं, मग पंडितजींकडं, आणि म्हणाले, "न्हाई, पंडितजी. ते खोटं हुईल. पुन्यांदा कुनी तिच्यावर कोयता उचलला, तर मी धरनारच की."